साडेतीनची अपॉइंटमेंट

आधीच सांगून टाकते, वेळ न पाळणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. उदय, म्हणजे माझा नवरा, सगळ्यांना सांगत सुटतो की लग्नात हिने भटजींनाही घड्याळ दाखवलं. दाखवलंच होतं. सात मिनिटं उशीर चालला होता, मग काय गप्प बसायचं?

मी सुप्रभा टिपणीस. हँड थेरपिस्ट. राहते क्रॉयडनला, आणि साउथ लंडनमधल्याच एका हॉस्पिटलात पंचवीस वर्षं काढलीत. कुणाचा हात कापला, मोडला, मशीनमध्ये सापडला की सर्जन तो शिवतात आणि माझ्याकडे पाठवतात. पुढचे तीन-चार महिने त्या हाताची मालकीण मी. बोटं परत वळायला लावायची, हे माझं काम. लोकांना वाटतं, हातावरून हात फिरवत गोड बोलायचं असेल. कसलं आलंय! निम्मं काम ओरडण्याचं असतं.

आमच्या रिसेप्शनवर एक पाटी आहे. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर तपासलं जाणार नाही, आणि लागोपाठ दोन अपॉइंटमेंट न कळवता चुकवल्या तर नाव कमी होईल. ती पाटी मी लावून घेतली. त्यासाठी दोन मीटिंगांत भांडले. तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

क्वेकू ओसेई माझ्याकडे सप्टेंबरच्या शेवटी आला. वय एकोणीस. आईवडील घानाचे, हा जन्मलेला-वाढलेला थॉर्नटन हीथमध्ये. बस स्टॉपवर दोन पोरांनी त्याच्या मित्रावर, जेरेलवर, चाकू काढला. हा मध्ये पडला आणि त्याने पातंच उजव्या मुठीत धरलं. जेरेल ॲम्ब्युलन्समध्येच वारला. क्वेकूच्या चारही बोटांचे टेंडन, म्हणजे बोट वळवणारे आतले दोर, कापले गेले. फाइलमध्ये हे सगळं दोन ओळींत होतं.

असे हात मला नवीन नाहीत. महिन्याला दोन-तीन तरी येतातच, आणि आमच्या भागात ती पोरं बहुतेक काळी असतात. खोटं कशाला बोलू, त्यांच्याबद्दल माझं मत ठरलेलं होतं. ही पोरं दोनदा येतात, मग फोन उचलत नाहीत, हाताला आधाराला घातलेला स्प्लिंट कुठेतरी फेकून देतात. आपण आपलं काम करायचं, फार जीव लावायचा नाही, असं मी नव्या लोकांना सांगायचे.

क्वेकू पहिल्या दोन्ही वेळा अकराच्या ठोक्याला आला, आईबरोबर. आई केअर होममध्ये रात्रपाळी करायची, तिथून थेट यायची आणि खुर्चीत बसल्याबसल्या डुलक्या घ्यायची. क्वेकू गिलाव्याचं काम शिकत होता. लिनफर्ड नावाच्या एका म्हाताऱ्या जमैकन प्लास्टररकडे वर्षभर अप्रेंटिस होता.

"मिस, जानेवारीत मला एक भिंत करून दाखवायची आहे," तो म्हणाला. बोलायचा तो इंग्रजीत, पण मी आपली मराठीतच सांगणार. "मिस्टर लिनफर्ड तोपर्यंत थांबतील. नाही जमली तर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. हात होईल ना?"

"माझं ऐकलंस तर होईल."

मग गरम पाण्यात प्लास्टिक मऊ करून त्याच्या हातावर स्प्लिंट घडवता घडवता मी माझं नेहमीचं भाषण दिलं. नवीन शिवलेला टेंडन पटकन तुटतो. तासातासाला मी शिकवलेत तेवढेच व्यायाम, दहा-दहा वेळा. काही उचलायचं नाही. स्प्लिंट काढायचा नाही. आणि मी सांगेपर्यंत याच्यापुढे काहीही करायचं नाही, स्वतःची अक्कल तर मुळीच चालवायची नाही. तो मान डोलावत होता आणि डाव्या अंगठ्याने सगळं फोनमध्ये लिहून घेत होता.

तिसऱ्या वेळेसाठी मी त्याला साडेतीनची अपॉइंटमेंट दिली. मोठ्या मनाने दिली हं! म्हटलं, तरुण पोर आहे, उशिरापर्यंत झोपत असेल, आईलाही जरा पाठ टेकता येईल. दुपारच्या त्या वेळेसाठी लोक माझ्या हातापाया पडतात. "तुझ्यासाठी खास काढलीय," असंही मी ऐकवलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाला, "ओके, मिस. थँक यू."

आला नाही. पुढच्या आठवड्यात परत साडेतीन. त्याही दिवशी माझ्या यादीत त्याच्या नावापुढे लाल फुली. मी म्हटलं, झालं, यानेही पाणी सोडलं. कॉम्प्युटरवर नाव कमी करायचं बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले.

तीन आठवड्यांनी आमची अक्षया लंच अवरला डबा गरम करत माझ्याजवळ आली. अक्षया नागपूरची, वर्क व्हिसावर आलेली ज्युनियर. पोरगी हुशार आहे, पण काही सांगायचं असलं की आधी दहा मिनिटं घुटमळते.

"ताई, तो ओसेई आठवतो का? चारही बोटं कापलेला. काल सुपरमार्केटमध्ये भेटला. आईबरोबर होता."

"बरं मग?"

"स्प्लिंट घातलेलाच होता."

"अजून? अगं, दीड महिना उलटून गेला!"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाला, मिसने काढायला सांगितलं नाही अजून."

आमच्या कामात चौथ्या-पाचव्या आठवड्यात गणित फिरतं. सुरुवातीला जास्त हलवलं तर टेंडन तुटतो, आणि नंतर पुरेसं हलवलं नाही तर तो आजूबाजूला चिकटून बसतो. म्हणून दर आठवड्याला बघायचं, व्यायाम बदलायचे, हळूहळू सूट द्यायची. ही पोरं स्प्लिंट फेकून देतात असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि या पोराने माझा शब्द न् शब्द पाळला होता. मी पुढचं सांगायची वाट बघत बसला होता.

"आणि ताई," अक्षया डब्याकडे बघत म्हणाली, "दुसऱ्या वेळी तो आला होता. सव्वाचारला. घामाघूम झाला होता. रिसेप्शनवर तेव्हा मी होते. मीच पाटी दाखवून परत पाठवलं."

"मला सांगता आलं नाही तुला?"

"तुम्हीच म्हणाला होतात, नियम म्हणजे नियम, दरवेळी मला विचारायला येऊ नकोस."

म्हणाले होते. याच शब्दांत.

मी तिथूनच त्याला फोन लावला. आणि माझा स्वभाव बघा, चूक कळूनही पहिलं वाक्य काय बोलले, तर "अपॉइंटमेंटला यायचं नव्हतं तर कळवायचं नाही का?"

मग तो म्हणाला, "मिस, साडेतीनला बसमध्ये शाळा असते."

मला काही कळेना. मग त्याने नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. त्याच्या घरापासून हॉस्पिटलची बस तीन शाळांवरून जाते. सव्वातीनला शाळा सुटतात. जेरेलला मारणारी दोन पोरं आता तुरुंगात होती, पण त्यांचे भाऊ, मित्र त्याच शाळांमध्ये. क्वेकू कोर्टात साक्ष देणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्याचा फोटो फोनाफोनांतून फिरत होता. पहिल्या वेळी बसच्या वरच्या मजल्यावर चार जणांनी त्याला ओळखलं आणि त्याचा व्हिडिओ घ्यायला लागले. तो पुढच्या स्टॉपला उतरला आणि घरी गेला. दुसऱ्या वेळी आडगल्ल्यांनी चालत आला. सव्वा तास लागला, कारण एका गल्लीच्या तोंडाशी घोळका होता, तो पांगेपर्यंत थांबावं लागलं. सकाळी दहा ते दोन, एवढाच वेळ तो घराबाहेर पडायचा.

"अरे, मग मी वेळ दिली तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही खास माझ्यासाठी काढली होतीत ना, मिस."

दुसऱ्या दिवशी अकराला मी त्याला बोलावलं. कागदपत्रं नंतर, आधी हात. अकराच्या वेळेत एक गृहस्थ होते, गोल्फ खेळताना मनगट मोडलेले. त्यांना साडेतीनला ढकललं. त्यांनी मॅनेजरकडे तक्रार केली. करू देत.

स्प्लिंट काढला आणि मी त्याला मूठ वळायला सांगितलं. पहिली दोन बोटं अर्धीमुर्धी आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागचं हललं नाही. मी दाबून बघितलं, कोन मोजला, परत मोजला. हे चिकटलेलं आहे आणि तीन आठवड्यांपूर्वी हा माझ्यासमोर असता तर चिकटलं नसतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. शंका नव्हती.

तेव्हाच तोंडाने बोलायला हवं होतं. मी काय बोलले? "घरी व्यायाम नीट केले नाहीस वाटतं."

"केले, मिस. तासातासाला."

"कमी पडले मग."

त्याने हाताकडे बघितलं. "सॉरी, मिस," तो म्हणाला. आणि मी त्याला म्हणू दिलं.

हे लिहितानाही मला लाज वाटते. पण त्या दिवशी जे सुरू झालं ते तसंच चालू राहिलं. दर मंगळवारी अकराला तो यायचा, कधी दहा मिनिटं आधीच. मी मेण लावून शेकायचे, चिकटलेला भाग चोळायचे, रबरी माती दाबायला लावायचे. मी इतका जोर लावायचे की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण हात मागे घ्यायचा नाही. शेवटी मी कोन मोजायचे, आणि आकडा गेल्या वेळचाच निघाला की तो म्हणायचा, "सॉरी, मिस. मी वाढवतो." अक्षया शेजारच्या टेबलावरून माझ्याकडे बघायची. मी बघितलं नाही असं करायचे.

एकदा तिने मला गाठलंच. "ताई, तुम्ही त्याला सांगितलंत का?"

"काय?"

"ते तीन आठवड्यांचं."

"सांगून काय बोट वळणार आहे? उगाच पोराचा धीर सुटेल." हे मी इतक्या ठसक्यात सांगितलं की क्षणभर मलाही पटलं. खरं कारण वेगळं होतं. चौकशी झाली असती, पाटीवरून प्रश्न आले असते, आणि पंचवीस वर्षांत माझ्या नावावर एक ओरखडा नव्हता.

त्याच महिन्यात आम्हा सगळ्यांना एका वर्कशॉपला बसवलं. विषय काय, तर हिंसाचाराची झळ बसलेल्या तरुण मुलांमध्ये रेझिलिअन्स, म्हणजे सावरायची ताकद, कशी वाढवायची. एका हसऱ्या बाईंनी रबर बँड ताणून सोडला आणि म्हणाल्या, बघा, ताण गेला की मूळ जागी परत. माझं डोकंच फिरलं. मी हात वर करून म्हटलं, "बाई, मी रोज तुटलेलं बघते. तुटलेलं मूळ जागी येत नाही. शिवावं लागतं, आणि शिवलेलं थोडं आखूडच होतं." त्यांनी ते बोर्डवर लिहून घेतलं. मला वाटलं, काय झकास बोललो आपण. आणि परत आले तर क्लिनिकमध्ये क्वेकू बसलेला, मला सॉरी म्हणायला.

डिसेंबरात मी त्याच्यासाठी गिलाव्याची थापी विकत आणली. स्टीलची, लांब पात्याची, चांगल्यातली. म्हटलं घरी ने, मूठ धरायचा सराव होईल. त्याने ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि टेबलावर ठेवली.

"इथेच राहू दे, मिस."

"का रे? आवडली नाही?"

"आवडली. पण ही बॅगेत घेऊन मी बसमध्ये बसू शकत नाही. पोलिसांनी थांबवलं तर?"

कर्म माझं! पोलीस त्याला वर्षातून चार वेळा थांबवून झडती घेतात, हे मला तेव्हा कळलं. मिस्टर लिनफर्डकडेही त्याची हत्यारं व्हॅनमध्येच राहायची. थापी माझ्या खणात राहिली आणि मंगळवारी अकराला बाहेर निघायला लागली.

त्या थापीनेच तो एक दिवस बोलता झाला. पात्याच्या कडेकडे बघत होता. मी काही विचारलं नव्हतं.

"मी धरलं होतं, मिस. घट्ट धरलं होतं. पोलीस म्हणतात चार सेकंद. कॅमेऱ्यात दिसतं. मग सुटलं. सुटलं नसतं तर जेरेल पळाला असता."

क्लिनिकमध्ये त्या वेळी सहा माणसं होती. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं, मला ते माहीतही होतं, पण शब्द एकत्र येईनात. मी म्हटलं, "मनगट सरळ ठेव."

त्याने ठेवलं. त्या संध्याकाळी ट्रॅममध्ये मला रडू फुटलं. समोरच्या बाईने टिश्यू दिला.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी त्याची परीक्षा होती. लिनफर्डच्या घरामागे एक गॅरेज होतं, तिथे सरावाची भिंत. क्वेकूने मला यायला सांगितलं. "तुम्ही इतकं केलंत, मिस," म्हणाला. हे ऐकून मला धरणी ठाव देईना.

लिनफर्ड सत्तरीचा, उंच, कमी बोलणारा माणूस. त्याने बादलीत माल कालवून दिला, क्वेकूच्या डाव्या हातात माल घ्यायची चौकोनी फळी दिली, उजव्यात थापी. क्वेकूने फळीवरून माल उचलला आणि भिंतीवर ओढला. पहिला हात सुरेख आला. मला शिल्पकलेतलं कळत नाही आणि गिलाव्यातलंही, पण त्याचा खांदा ज्या सवयीने फिरला त्यावरून कळत होतं की पोराला काम येतं. दुसरा हात. तिसऱ्या हाताला दाब द्यायची वेळ आली, मुठीची मागची बाजू उघडीच राहिली आणि थापी फिरून खाली पडली.

त्याने उचलली, पुसली. परत पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा माल माझ्या बुटांपर्यंत उडाला.

लिनफर्ड माझ्याकडे वळला. "ती दोन बोटं येणार का?"

क्वेकू पण माझ्याकडे बघत होता. मला म्हणता आलं असतं, येतील, अजून थोडा वेळ द्या. लिनफर्डने दिलाही असता. आणि हे पोर अजून वर्षभर मला सॉरी म्हणत राहिलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "पुढे उन्हाळ्यात ऑपरेशन करून चिकटलेलं सोडवून बघता येईल, पण खात्री कोणी देणार नाही."

"मी वाढवीन, मिस," क्वेकू घाईने म्हणाला. "रात्री उठून करीन. माझंच कमी पडलं..."

"तुझं काही कमी पडलं नाही. माझं चुकलं." एकदा तोंड उघडल्यावर मी थांबले नाही. साडेतीनची वेळ, पाटी, लाल फुली, चहा, सगळं सांगितलं. "मधल्या तीन आठवड्यांत मी तुझा हात बघितला असता तर ती बोटं आज वळली असती. तू मी सांगितलं तेच केलंस, तंतोतंत. मी सांगायलाच नव्हते."

त्याने पडलेली थापी उचलली आणि पुसली. मग म्हणाला, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"स्प्लिंट काढला त्या दिवशी."

"मग मला सॉरी का म्हणू दिलंत?"

मी बुटांवर उडालेल्या मालाकडे बघत राहिले.

"दर मंगळवारी!" तो ओरडला. इतक्या महिन्यांत त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "दर मंगळवारी मी सॉरी म्हणत होतो! मला वाटत होतं हा हात दोन्ही वेळा कमी पडला. जेरेलच्या वेळी सुटला आणि आता..."

"सुटला नाही!" मीही ओरडलेच. "ऐक. ऑपरेशनचा रिपोर्ट मी वाचलाय. पंचवीस वर्षं चाकू धरलेले हात बघतेय मी. माणसाला कळ गेली की तो हात मागे ओढतो. एखादं बोट कापतं, दोन कापतात, तेवढ्यावर थांबतं. तुझ्या चारही बोटांचे, बोटाला दोन असे आठच्या आठ दोर कापले गेलेत, थेट हाडापर्यंत. शेवटचा दोर तुटेपर्यंत तू धरून होतास. मूठ तू उघडली नाहीस, क्वेकू. मूठ धरायला हातात काही शिल्लकच राहिलं नव्हतं."

"हे पण तेव्हापासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो. सप्टेंबरपासून."

तो उलट्या बादलीवर बसला आणि तोंड झाकून रडायला लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. लिनफर्डने त्याला रडू दिलं. मी जागची हलले नाही, कारण जवळ जायचा हक्क मी घालवला होता.

थोड्या वेळाने लिनफर्डने मालात बोट घालून बघितलं. "आवळत चाललाय," तो म्हणाला. "वीस मिनिटं आहेत फार तर. डावा हात कसा आहे तुझा?"

क्वेकूने बाहीला नाक पुसलं. उठला. थापी डाव्या हातात घेतली. मग फळीचा प्रश्न आला, कारण उजव्या हातात मालाचं वजन पेलत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, नुसती फळी पुढे केली. मी ती धरली. चांगला लोकरीचा कोट घालून गेले होते, परीक्षा म्हणून. वीस मिनिटं तो "वर", "जवळ", "हलवू नका" एवढंच बोलत होता, आणि माझे दंड भरून आले.

भिंत अगदी वाईट झाली. लाटाच लाटा. लिनफर्डने तिच्यावरून तळवा फिरवला. "असली भिंत मी गिऱ्हाइकाला मरेपर्यंत दाखवणार नाही," तो म्हणाला. "सोमवारी सातला ये. डाव्या हाताला वर्ष लागेल. मी एकाहत्तरचा आहे, तेव्हा फार रेंगाळू नकोस."

बाहेर आल्यावर क्वेकू फाटकाशी थांबला.

"माझा राग गेलेला नाही, मिस."

"जायला नकोच."

"तक्रार कुठे करायची असते?"

मी ऑफिसचं नाव सांगितलं, ईमेल सांगितला, आणि म्हटलं, तारखा मी देते, अक्षयाही सांगेल, काही गाळू नकोस. त्याने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. मग फोन खिशात ठेवला, पण हलला नाही.

"ते टेंडनचं," तो म्हणाला. "ते जेरेलच्या आईला सांगाल? मी तिच्यासमोर एकदाही गेलो नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल मी स्वतःची बाजू मांडतोय."

"सांगते ना. कधी जायचं?"

त्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. शनिवार सकाळ होती, रस्त्यावर फक्त एक बाई कुत्रा फिरवत होती.

"आत्ता. दोन गल्ल्या सोडून राहते," तो म्हणाला, आणि चालायला लागला. मी कोटाला लागलेला गिलावा तसाच ठेवून त्याच्या मागे गेले.